एकोणीस नंबरची काच

सोमवार, ४ नोव्हेंबर २०२४, शिरूर

दौंडहून चौफुल्यापर्यंत वडापची जीप, पुढे न्हावऱ्यामार्गे एसटी. स्कॅनर मांडीवर घेऊन पाय बधिर झाले, पण घर पाहून खूश झाले. मिशनच्या जुन्या कंपाउंडातलं कौलारू घर, दारात चिकू, मागची खोली माझी. दबोराबाई रिटायर्ड शिक्षिका, पंचाहत्तरीच्या, एकट्याच राहतात. भिंत धरून चालतात, पण नानकटाई स्वतः भाजतात. आमच्या स्टुडिओत जुने फोटो साफ करणारी सायली आहे, हे त्यांना कुणीतरी सांगितलं. घराण्याच्या एकतीस काचेच्या निगेटिव्ह आहेत. स्कॅन करायच्या, कोण कोण आहे ते लिहायचं. आठवडाभराचं काम. सुट्टीच वाटतेय.

बुधवार, ६ नोव्हेंबर

लग्नं, बाप्तिस्मे, आणि निम्मे फोटो मयताचे. बाईंनी समजावलं, पूर्वी पुष्कळांचा आयुष्यातला एकुलता एक फोटो पेटीतलाच असे. पेटी अंगणात बाकावर ठेवायची, घरचे मागे उभे राहायचे. बायका पांढऱ्या लुगड्यात, पुरुषांच्या बाहीवर काळी फीत.

मीही माझ्या धंद्यातलं सांगितलं. सावलीत कॅमेऱ्यातली काच उघडली की तीन-चार सेकंद हलायचं नसे. जिवंत माणूस थोडा तरी हलतोच, कडा पुसट होतात. मेलेलं माणूस पापणीच्या केसापर्यंत स्वच्छ उमटतं. बाई म्हणाल्या, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

एकोणीस नंबर. कोपऱ्यात कोरलंय, १६ ऑक्टोबर १९१८. तापाच्या साथीचं वर्ष. पेटीत सतरा-अठराची मुलगी, मागे सात जण. मोठं करून पाहिलं आणि माझा हात थांबला. मागचे सातही जण स्वच्छ, लुगड्याचा धागान् धागा मोजून घ्यावा. मुलीचा चेहरा मात्र पुसट. ओठांजवळ नुसता धूर. ती श्वास घेत होती.

जिवंत मुलीला पेटीत घातलं होतं! धावत बाईंकडे गेले. त्या शांतपणे म्हणाल्या, "ती माझी आजी, फेथ. ती चौऱ्याहत्तर साली गेली." तापात निपचित पडली, लोकांना मेली वाटलं, दुसऱ्या दिवशी पुरायच्या आधी उठून बसली. हुश्श झालं. दोन घास जास्तच जेवले.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

नावं जुळवायला जॉन्सनमामा आले. चर्चची दफनभूमी तेच सांभाळतात. पुरलेल्यांच्या नोंदवहीची झेरॉक्स आणली होती. आई, बाप, आजी, काका, दोन भाऊ, धाकटी बहीण, सातही नावं सापडली. पण सातही जण नऊ ते चौदा ऑक्टोबरात पुरलेले. फोटो सोळाचा.

तारीख चुकली असेल, असं मी म्हटलं. मामा काचेला हात लावीनात. त्यांचे आजोबा त्या दिवशी अंगणात होते.

"पेटीमागं कुणीच नव्हतं," मामा म्हणाले. "फोटोवाल्यानं एकट्या पोरीचा काढला. काच धुतली तवा हे दिसले त्याला. पोरीला न्यायला आले व्हते."

मग ती वाचली कशी, ते विचारलं. मामांनी सतरा तारखेच्या ओळीवर बोट ठेवलं. 'फोटोग्राफर, परगावचा.'

"ज्यानं त्यास्नी पहिल्यांदा बघितलं, पोरीच्या जागी त्याला घेऊन गेले. तुम्ही सांजच्या गाडीनं जावा."

शनिवार, ९ नोव्हेंबर

गेले नाही. काल बॅग भरली होती, पण बाई दारात आल्या. उद्या सकाळी उन्हात माझा एक फोटो काढ, मग जा, म्हणाल्या. डॉक्टरांनी सांगितलंय, नाताळ दिसणार नाही. नाही कसं म्हणणार?

आज सकाळी त्यांना अंगणात खुर्चीवर बसवलं. मोबाइलवर काढला. मागे कुणी नव्हतं, मी नीट पाहिलं होतं.

स्क्रीनवर खुर्चीमागे सात जण आहेत.

बाईंनी मोबाइलकडे बघितलंच नाही. "दिसले तुला?" एवढंच विचारलं. मी हो म्हणाले. का म्हणाले —

दुपारी थंडी वाजून ताप. दादाला फोन केला. सणसवाडीच्या कंपनीत डबल शिफ्ट आहे त्याची, सकाळी सुटला की गाडी घेऊन येतो.

रविवार, १० नोव्हेंबर

ताप उतरत नाही. जागचं उठवत नाही. बाई भिंत न धरता चालताहेत.

पेज घेऊन आल्या. माझ्या कपाळावर हात ठेवून रडल्या. "मला मरायची भीती वाटत होती गं," म्हणाल्या. "पण तू फार चांगली निघालीस. तुझा भाऊ येतोय ना? त्याला दाखवू आपण फोटो. तुझ्या जागी ते त्याला नेतील, म्हणजे तू सुटशील."

उशाशी हात घातला. मोबाइल नाही. बाईंनी नेला —

साडेनऊ. कंपाउंडात मोटरसायकल थांबली. दादाच.

हाक मारते आहे. आवाज फुटत नाही. पलंगावरून खाली पडले, दारापर्यंत सरकता येत नाही. बाईंनी कडी काढली. सायली झोपलीये, सांगताहेत त्याला, पाणी देताहेत —

"तुझ्या बहिणीनं काढलाय. बघ तरी."

दादा, नको. दादा —

घाम सुटला. अंग हलकं होतंय. ताप उतरतोय.