माझ्या लेन्सांना बुरशी नाही

आधी देवेंद्र आला. ह्यांचा पुतण्या, मोहालीत कंपनीत असतो. त्याच्यामागून परीक्षित म्हणून त्याचा मित्र. इतक्या वर्षांत काकूची आठवण झाली नाही, अन् मंगळवारी एकदम, "काकू, काकांचे जुने फोटो बघायचेत." मित्राच्या खिशातून पांढरे हातमोजे डोकावत होते. चहाला येताना हातमोजे कोण आणतं?

म्हणून मी, चारुशीला रामचंद्र घोरपडे, शिक्षण चौथी, राहणार सेक्टर ४६, डोकं ठिकाणावर असताना, कुणाच्या धाकाशिवाय, स्वतःच्या हातानं हे मृत्युपत्र लिहिते.

१. घर आणि बँकेतलं सगळं मुलगा शंतनू याला. त्यानं कधी काही मागितलं नाही, हेच जरा खटकतं. तरी त्यालाच.

२. लेन्स. हे चंडीमंदिरच्या छावणीत, फौजेत फोटो काढायचे, तेव्हापासून एकेक जमवलेल्या. हे गेल्यावर मीही दोन घेतल्या, भंगारवाल्या कबाड्याशी घासाघीस करून. कॅमेरा मला चालवता येत नाही. खिडकीत लेन्स धरायची अन् मागं कोरा कागद. समोरचा अमलतास, म्हणजे आपला बहावा, पिवळ्या घोसांसकट कागदावर उलटा उतरतो. कडं फिरवलं की नुसतं धुकं, परत फिरवलं की पान न् पान. तासन् तास जातात माझे.

पावसाळा सरला की सगळ्या गच्चीवर मांडते, झाकणं काढून, पापडांशेजारी. दमटपणानं काचेला बुरशी धरते, ती उन्हानं मरते. एकदा एका पापडाला भोक पडलं, ते जाऊ दे. तर हा परीक्षित लेन्स उजेडात धरून म्हणतो, "आजी, सगळ्यांना बुरशी लागलीय. मी नेऊन साफ करून देतो, पैसे नकोत."

सगळ्यांना? अन् पैसेही नकोत?

मी म्हटलं, "दाखव बाळा, कुठं आहे?"

देवेंद्र मध्येच, "काकू, ती आपल्याला नाही दिसत."

गेल्याच वर्षी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. मला देवेंद्रच्या कॉलरवरचा आमटीचा डागसुद्धा दिसत होता.

तर सगळ्या लेन्स नात ऋजुता हिला. तीही काही भोळी नाही. "आजी, ये वाला कितने का होगा?" असं विचारताना मी ऐकलंय. पण बघून झालं की न सांगता झाकण लावते. अट एकच, दरवर्षी ऊन दाखवायचं. विकायची वेळ आली तर आधी एकदा कागदावर झाड उतरवून बघावं, मग ठरवावं.

३. ह्यांनी न्हाणीघरात अंधार करून धुतलेले फोटोही ऋजुतालाच, एक सोडून. देवेंद्र म्हणाला होता, "मला काही नको काकू, काकांची एक आठवण द्या." दिली. लहानपणी माझ्या लाडवांच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातलेला त्याचा फोटो, फ्रेमसकट.

साक्षीदार:
डॉ. आश्लेषा पाटणकर, शेजारीण, सेक्टर ३२च्या हॉस्पिटलात. डोकं ठिकाणावर असल्याचं हिनंच तपासलं. (सही)
राजाभाऊ शितोळे, ह्यांचे फौजेतले सोबती. (सही)
दोघांना यातलं काहीही मिळत नाही, हे दोनदा वाचून दाखवलं.

चारुशीला रा. घोरपडे (सही)
चंडीगड, शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

ता.क. लेन्स न्यायला दोघं परवा रविवारी येतो म्हणालेत, मोठी बॅग घेऊन. बॅग आणू नका, असा निरोप मी दिलेला नाही. फ्रेम न्यायला होईल.