शेवंताची साधी दुडकी

३ डिसें.
२२ किमी. सायखेड्याहून नदीकाठाने जाऊन परत. खाली उतरल्यावर दहा मिनिटांत शेवंताच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ५८ वर आले. मी घामाघूम आणि बाईसाहेब उसाच्या वाढ्यांकडे बघतायत. आप्पा ओट्यावरून म्हणाले, "घोडीचा पार पोस्टमन केलास, सूनबाई." सासऱ्यांकडून एवढं कौतुक पुष्कळ झालं.

९ डिसें.
ठरलं एकदाचं. जाने.त पेठकडच्या डोंगरात ४० किमीची राइड आहे, शेवटी घोड्याचे ठोके आणि चाल तपासून पास-नापास करतात. शेवंताने ती पुरी केली तर तिला लांब पल्ल्याच्या वंशाचा घोडा लावायचा. नाही केली, तर आप्पांच्या दोस्ताचा नाचरा घोडा. मग मी तोंड उघडायचं नाही. तीन पिढ्या वरातीत नाचणारे घोडे पैदा केलेलं घर आहे, आप्पांचंही बरोबर. पण डीजेपुढे थरथरत उभ्या राहिलेल्या घोड्या मी पाहिल्यात. शेवंताचं शिंगरू तिथे जाणार नाही.
संजयचा अंबडहून फोन, कंपनीतून. "तुमचं सासरा-सुनेचं तुम्ही बघा." नवरा म्हणून हे एवढंच येतं.

१८ डिसें.
नालबंद येऊन गेला. चारी नाल नवे. आता चढ आला की खाली उतरून तिच्याबरोबर पळणार, तिचं ओझं तेवढंच कमी. बेचाळिसाव्या वर्षी मी ट्रॅकपँटमध्ये, साडीवाल्या बायका बघून हसतात. हसू देत.

४ जाने.
३१ किमी. गुडघे माझे दुखतायत, तिचे नाही. उत्तम.

१९ जाने.
लिहवत नाही, पण लिहिणार.
चाळीसच्या चाळीस किमी झाले. शेवटचे ठोके ५६. राहिलं होतं एकच, घोड्यांच्या डॉक्टरांसमोर हाती धरून तीस पावलं दुडकी पळवायची, लंगडत नाही ना ते बघायला. माझ्या पोटऱ्यांत गोळे आलेले. दोर आप्पांना दिला. ते सकाळपासून नवा फेटा बांधून तयारच.
माणसं जमलेली बघितली आणि आप्पांनी दोर आखूड धरला, तिची मान वर केली, जीभ वाजवली. शिंगरू असताना त्यांनीच शिकवलेलं तिला. पुढचे पाय छातीपर्यंत उचलत शेवंता नाचत निघाली. लोकांच्या टाळ्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, "पुन्हा एकदा आणा." आप्पांना वाटलं, बाईंनाही आवडलं. पुन्हा जास्त नाचवली.
मग बाई माझ्याकडे वळल्या, "मला साधी चाल दिसलीच नाही. पास कसं करू?"
बाद.
आप्पा हसत परत आले. "पाहिलं का, चाळीस किलोमीटरनंतर बी कशी नाचली."
बाद झाल्याचं त्यांना घरी आल्यावर सांगितलं.

२० जाने.
राग आहे. आप्पांवर आहेच, पण माझ्यावर जास्त. पळवायची कशी, हे मी त्यांना सांगितलंच नाही. जन्मभर घोडे धरलेल्या माणसाला काय सांगायचं, असं वाटलं. रात्री आप्पा जेवले नाहीत. सकाळी चहाला आले, म्हणाले, "सांगितलं असतं तर शेळीवानी पळवली असती."
खरं आहे.

२५ जाने.
शेवंता माजावर आलीय. दोस्ताचा फोन आला, घोडा आणू का? मी भाकरी थापत राहिले. शब्द म्हणजे शब्द, मी काय बोलणार. आप्पांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "या टायमाला नको. घोडी हरली नाय, मी हरवली." फोन ठेवून माझ्याकडे न बघता, "अजून एक राइड. मग मात्र नाय ऐकायचो."
मला रडू आलं. भाकरी करपली.

४ फेब्रु.
पुढची राइड महिनाअखेर. माझा सराव चालू, शिवाय आता रोज सकाळी आप्पांचा. सैल दोर, खाली मान, गप्प तोंड. पण हात आपोआप वर जातो त्यांचा. "जीभच वाजती, काय करू?" सुपारी धरायला सांगितली तोंडात. तरी त्यांना बघूनच शेवंता पाय उचलते. दोघांनाही एकदमच विसरायचंय.

१६ फेब्रु.
बारा फेऱ्या. नऊ साध्या, तीन नाच. आप्पा धापा टाकत होते. म्हटलं, पुरे आता. म्हणाले, "तेरावी घेऊ."

२८ फेब्रु.
राइडच्या मैदानावर, गाडीत बसून लिहितेय. ४० किमी झाले. ठोके ६०, पास. आता फक्त चाल. आमच्यापुढे दोन घोडे आहेत.
आज माझे पाय ठीक आहेत. संजय रजा काढून आलाय, तोही म्हणतो, तूच धर. आप्पासुद्धा म्हणाले, "तू पळव, माझा भरवसा नाय." ते बरोबर बोलतायत, मलाही भीती आहेच. पण शेवंताला जे शिंगरू होईल त्याला पहिला दोर आप्पाच लावणार, चालायला तेच शिकवणार. त्यांना साधी दुडकी जमली नाही, तर बाहेरून घोडा आणून उपयोग काय?
दोर त्यांच्याच हातात दिला. फेटा काढून त्यांनी माझ्याकडे ठेवायला दिला.
माणसं जमतायत. आमचा नंबर पुकारला.