टक वाजल्यावर लागणारा दिवा

अण्णा, तुमचा डबा अजून घरामागे उभा आहे. जागचा हलत नाही. चारही कोपऱ्यांना तुम्ही लावलेले ट्रकचे जॅक गंजून गेलेत, चाकांत हवा नाही, आणि एका अंगाने कारल्याचा वेल पार छपरावर चढलाय. गल्लीत नव्याने राहायला आलेले लोक विचारतात, हे काय आहे हो? मी प्रत्येकाला वेगळं उत्तर देते. कुणाला गोडाऊन सांगते, कुणाला देवघर. खरं सांगायला बसले तर चहा गार होईल आणि ऐकणारा उठून जाईल. तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली आणि तुमच्याशी बोलायचं काही राहून गेलं असंही नाही. तुम्ही होतात तेव्हा बोलणं तुमचं आणि पाना-पकड हातात देणं माझं, अशी वाटणी होती. पण आता एक गोष्ट घडलीय, ती तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला कळायची नाही, म्हणून लिहायला घेतलं.

आईच्या टीबीच्या सुया संपल्या तेव्हा आपण पेढे वाटले होते, आठवतंय? खोकला गेला, अंगावर मूठभर मांस चढलं, आणि मग ती घरातल्या घरात भिंत धरून चालायला लागली. अशक्तपणा असेल म्हणालात. मग एका संध्याकाळी मी शाळेतून येऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसलेय, बाहेर दिवेलागण झालीय, आई चुलीवरून वरणाचं पातेलं उतरवतेय आणि तेवढ्यात लाइट जाते. कुणी पायाखालचं फडकं ओढावं तशी ती खाली आली. वरण तिच्या हातावर, भिंतीवर, माझ्या दप्तरावर. मी कंदील शोधून लावला, तशी ती त्या उजेडाकडे बघत बघत आपणहून उठून बसली आणि म्हणाली, "जमीनच गेली गं पायाखालची." डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं. कानाच्या आत माणसाचा तोल सांभाळणारा भाग असतो, तो सुयांनी गेला होता. समोर उजेड असला की ती डोळ्यांच्या जिवावर उभी राहणार, अंधार झाला की पडणार, आणि ती बसलेली गाडी हलली की तिला सगळं जग उलटंपालटं होणार. "गेलं ते परत येत नाही," असं ते अगदी साध्या आवाजात म्हणाले. तुम्ही मान हलवलीत आणि बाहेर येऊन मोटारसायकलला किक मारता मारता मला म्हणालात, "काय नाय. तुझ्या आईचं अर्थिंग गेलंय."

द्वारकेच्या चौकात, ट्रक थांबतात तिथे, त्यांची वायरिंग करण्यात तुमचा जन्म गेला. हेडलाइट मिणमिणतोय, अर्थिंग बघा. सेल्फ उचलत नाही, अर्थिंग बघा. तुमच्या दुनियेत बाकी सगळ्याला उपाय होता, फक्त तार कुठे सुटलीय ते सापडायला हवं. मी एकदाच म्हणाले, "अण्णा, डॉक्टर म्हणालेत ना होणार नाही म्हणून." तुम्ही टेस्टर खाली ठेवलात आणि म्हणालात, "डॉक्टरला एक सोडून शंभर पेशंट हायेत. मला एकच हाय."

आईला माहेरी जायचं होतं. सुरगाण्याच्या वरच्या अंगाला तिचा पाडा, तिथे तिची म्हातारी आई. आपण एकदा तिला एसटीत बसवून बघितलं. दिंडोरी यायच्या आत ती सीटखाली पडून ओकत होती आणि कंडक्टरने हात जोडून आपल्याला रस्त्यात उतरवलं. त्याच महिन्यात तुम्ही भंगारातून हा डबा आणलात. हायवेच्या कामावरच्या कुणा साहेबाचं चाकांवरचं ऑफिस, पत्र्याचं, एका बाजूने चेपलेलं. आईला म्हणालात, "तुला मी पलंगासकट माहेरी नेतो." आई हसली. ती इतकी हसली की तिला खांब धरावा लागला.

मग आपलं अंगण म्हणजे गॅरेजच झालं. आत दोन्ही बाजूंना बसमधले धरायचे पाइप लावलेत, दांडीवरून दांडीवर हात टाकत आई या टोकापासून त्या टोकाला जाईल असे. चार कोपऱ्यांना जॅक. गाडी थांबली की जॅक खाली घ्यायचे, खाली लाकडाचे ठोकळे, आणि डब्यात मधोमध पाण्याने भरलेली परात ठेवून पाणी कुठल्या काठाला जातंय ते बघत बघत एकेक जॅक फिरवायचा. परात बघायचं काम माझं होतं. "डावीकडं, अण्णा. अजून. बस." मग लोखंडी सळई जमिनीत ठोकून तिच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतायचं, अर्थिंग चांगलं लागावं म्हणून. आई त्या सळईला हळदीकुंकू वाहायची आणि तुम्ही चिडायचात, की अगं, हा देव नव्हे. पण पुसलंत कधीच नाही. आणि सगळ्यात मोठं काम उजेडाचं. घरातली लाइट गेली रे गेली की ट्रकच्या बॅटरीवरचे दिवे आपोआप लागले पाहिजेत, तिला पडायला सवडच मिळता कामा नये. त्यासाठी तुम्ही कुठल्याशा मोडक्या ट्रकमधला रिले काढून दाराजवळ बसवलात. लाइट गेली की तो टक वाजायचा आणि दिवे लागायचे. पहिल्यांदा तो वाजला तेव्हा आई डब्याच्या मध्यभागी उभी होती. ती पडली नाही. तुम्ही मेन स्विच पुन्हा पुन्हा खाली-वर करत राहिलात, टक, टक, आणि ती दर वेळी उभीच. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पत्र्याचा कीस गेला म्हणालात.

फसलात ते पाट्यांत. चालताना डबा डुलू नये म्हणून तुम्ही चाकांवरच्या स्प्रिंगमध्ये जादा पाटे, त्या पोलादी पट्ट्या, घातलेत, पिंपळगावचे कांदावाले टेंपोला घालतात तसे. आता त्या टेंपोत मरणाचा माल असतो, म्हणून ते पाटे दबतात. आपल्या डब्यात होता एक पलंग आणि एक बाई. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत नेऊन आणला तर आतली भांडी फुटाण्यासारखी उडाली. दुसऱ्या कुणी पाटे काढून टाकले असते. तुम्ही पलंगाखाली कांद्याच्या गोण्या भरल्यात. वजन आलं की पाटे बसतील! आणि खरंच थोडे बसले. कांद्याच्या गाडीला जे चालतं ते बायकोलाही चालेल, असा तुमचा हिशोब. ओळखीच्या एका बागाईतदाराचा ट्रॅक्टर घेऊन आपण निघालो, पुढे तुम्ही, डब्यात मी, आई आणि गोण्या. आईने डोळ्यांसमोर भिंतीवर एक टिकली लावून घेतली होती, तिच्यावरून नजर काढायची नाही असं ठरवून.

वणी मागे पडेपर्यंत तिने दम धरला. मग चढ लागला, वळणं लागली आणि ती टिकली तिच्या डोळ्यांसमोर नाचायला लागली. ती ओरडली नाही. दोन्ही हातांनी पाइप धरून एवढंच म्हणाली, "थांबव गं त्यांना. मला मरण चालेल, पण असं नको." मी पत्रा बडवला. घाटाच्या पायथ्याशी तुम्ही डबा उभा केलात, जॅक घेतलेत, परात, सळई, मिठाचं पाणी, सगळं पद्धतशीर. आई पायरीवर दांडी धरून बसली आणि समोरच्या डोंगराकडे बघत राहिली. त्याच्या मागे तिचा पाडा. दुपारी निरोप गेल्यावर मामा चालत खाली आला, आजीने दिलेल्या नागलीच्या भाकरी फडक्यात बांधून. "आई यायची व्हती, पन तिला नाय उतरवत आता," तो म्हणाला. आईने भाकर खाल्ली, फडकं घडी करून कनवटीला लावलं आणि म्हणाली, "चला माघारी." येताना तिने डोळेच मिटून घेतले होते. तुम्ही मात्र घरी येईपर्यंत पुढच्या वर्षाचं बोलत होतात. पाटे बदलू, रबर टाकू, एक आडवी दांडी मारू. पुढच्या वर्षापर्यंत आजी राहिली नाही, आणि त्याच उन्हाळ्यात तुम्ही द्वारकेला एका ट्रकखालून बाहेर आलात, पाणी मागितलंत आणि बसल्या जागी गेलात.

तुमच्यानंतर आईने घर सोडलं आणि डब्यात मुक्काम हलवला. तिथे हात पसरला की आधार होता आणि अंधार नव्हता. पुढे भारनियमनाची वर्षं आली, अण्णा. दिवसाचे तासन् तास लाइट नाही. अख्खी गल्ली मेणबत्त्या लावून डास मारत बसायची आणि आपल्या मागच्या अंगणात टक वाजून दिवे लागायचे. मी दर रविवारी बॅटरीत पाणी घालत आले, सळईला मीठ घालत आले. लग्नाचं काय, ते जमलं नाही. दाखवायला डबा आणि आत डोलणारी आई असली की पाहुणे पोहे संपवून उठतात. त्याचं मला फार वाटत नाही. मला वाटायचं, निदान हे एक काम तुमचं बरोबर झालंय. तिला घाट चढवता आला नाही, पण पडूही दिलं नाहीत.

आणि आता तिचे डोळे गेले. काचबिंदू. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं, ती बोलली नाही, मला कळलं नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा नव्या डॉक्टरांनी मला एकटीला बाहेर बोलावून तेच जुनं वाक्य म्हटलं, गेलं ते परत येत नाही. मी तिथल्या बाकावर बसून हसले. खरंच हसले. एवढे पाइप, एवढे जॅक, एवढ्या गोण्या, आणि देवाने आरामात येऊन शेवटची तार काढून नेली.

तिला मी सांगितलं नाही. ती पलंगावर बसून विचारते, "लाइट गेली का गं?" बाहेर टळटळीत दुपार असते, आत सगळे दिवे चालू असतात. मी म्हणते, "गेलीय. येईल." ती म्हणाली, "मग टक कसं वाजलं नाय?" मी म्हणाले, "रिले खराब झालाय, आई. जुना झाला." तिने मान डोलावली. महिनाभर आमचं हे असंच चाललं होतं. तुमच्या कामाला नावं ठेवून मी तिला जगवत होते.

परवा मी तिला चहा देत होते आणि खरंच लाइट गेली. तुमचा रिले वाजला. टक. दिवे लागले, जसे नेहमी लागतात तसे. आईने कप खाली ठेवला, दांडी धरली आणि तोंड वर करून दिव्याच्या दिशेने बघत राहिली. ती वाट बघत होती, अण्णा. टक झालं म्हणजे आता उजेड येणार, इतक्या वर्षांत कधी चुकलं नव्हतं. मी तिच्यासमोर उभी, तिच्या चेहऱ्यावर लख्ख उजेड, आणि ती वाट बघतेय. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "लागली नाय ना?"

"नाही," मी म्हणाले.

तिने दांडी सोडली आणि आडवी झाली. भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आता दुरुस्तीला कुणाला बोलवू नको. त्यांच्या वायरीला दुसऱ्याचा हात नको लागायला."

तिला कळलं की नाही, ते विचारायची माझी छाती नाही. हे वाचून दाखवायला जगात एकच माणूस आहे आणि तिलाच ते वाचून दाखवता येत नाही, तेव्हा कागद चुलीत जाईल. एवढंच तुम्हाला सांगायचं होतं. ती झोपल्यावर मी दाराजवळचे दोन स्क्रू काढले आणि तुमचा रिले सोडवून घेतला, पुन्हा कधी तो वाजू नये म्हणून. आता इथे माझ्यासमोर आहे. मी तो घरातल्या बॅटरीवर लावून बघितला. चांगला वाजतो, अण्णा. त्याला काहीसुद्धा झालेलं नाही.