बिजागरीचा भाव

प्रिय कमलेश,

दिल्लीहून परत आल्यापासून मी तुझे फोन उचलले नाहीत. उचलले असते तर तू 'ताई, जरा प्रॅक्टिकल हो' म्हणाला असतास, मी चिडले असते आणि सांगायचं ते राहूनच गेलं असतं. म्हणून लिहिते आहे. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण दुपारी कारखान्यात येऊन बायकांच्यात बसल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

बाबांची भातशेती एमआयडीसीत गेली, तेव्हा आपल्या सागावातली किती माणसं आपल्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या कंपन्यांत वॉचमन झाली. बाबांनी मात्र हट्टाने एक प्लॉट मिळवला, पत्रा कापून वाकवणारा जुना प्रेस आणला आणि बिजागऱ्या पाडायला सुरुवात केली. शाळेतून आलो की आपण दोघं तयार बिजागऱ्या उघडमीट करून बघायचो. अडकणारी तू न चुकता हुडकायचास. पुढे तू बनवणं सोडलंस, शिळफाट्याला गोडाऊन घेतलंस आणि परदेशातून तयार माल आणायला लागलास, तेव्हा मला वाईट वाटलं, राग नाही आला. धंदा ज्याचा त्याचा.

राग आला तो भाव बघून. ठाण्यातल्या दुकानातून तू आणलेली एक बिजागरी मी विकत घेतली. माल वाईट होता असं म्हणणार नाही, चांगलाच होता. पण घडवलेली, चकाकणारी, खोक्यात घातलेली बिजागरी माझ्या नुसत्या पत्र्यापेक्षा स्वस्त! ती बनवणारे त्यांच्या स्वतःच्या देशातही ती याहून महाग विकतात. कंटेनरमागून कंटेनर येत राहिले. आधी माझी दुसरी पाळी बंद झाली, मग आंबिवलीच्या दौलतशेठांचा बिजागऱ्यांचा अर्धा कारखाना. प्रेसवरच्या कलावतीला मी काही दिवस घरी थांब म्हटलं, तर तिने विचारलं, "ताई, माझ्याकडून काय काम बिघडलं का?" मला तिच्याकडे बघवेना.

मग मी कायद्याच्या मागे लागले. परदेशी माल तिथल्या भावाहून कमी दराने इथे ओतला जात असेल आणि त्याने इथले कारखाने मोडत असतील, तर सरकार चौकशी करून त्या मालावर जादा शुल्क लावू शकतं. कुणाची मेहेरबानी नाही ती, कायदा आहे. दौलतशेठ आधी हसले. "पोरी, दिल्लीत आपल्याला कोन इचारतंय?" मी म्हटलं, विचारायला लावू. नंतर त्यांनीच फोन करकरून राजकोटपासून अलिगढपर्यंतचे कारखानदार गोळा केले. अर्ज मान्य झाला, चौकशी लागली, अधिकारी येऊन माझे बंद प्रेस बघून गेले.

आणि मग दिल्लीतली ती सुनावणी. तू आयातदारांच्या बाजूला बसणार हे मी धरूनच चालले होते. तुमच्या वकिलांनी माझी मशिनं जुनाट म्हटली, त्याचंही उत्तर दिलं. पण नंतर ते म्हणाले, या बाईंचा सख्खा भाऊ हाच माल आयात करतो आणि तो यांच्याच कारखान्यात भागीदार आहे, मग यांना देशी उत्पादक कसं मानायचं? आणि देशी उत्पादक नाही, तर अर्ज करायचा हक्कच नाही. सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. बाबांनी भागीदारीत घातलेलं तुझं नाव मी तू वेगळा धंदा काढल्यावरही काढलं नव्हतं. भाऊ आहे, राहू दे, म्हणून. ते वकिलांना कुणी सांगितलं, हे मी तुला विचारणार नाही. तू मोबाईलमधून मान वर केली नाहीस, तेव्हाच कळलं.

बाहेर आल्यावर तू चहा पुढे केलास आणि म्हणालास, "अर्ज मागे घे ना ताई. गोडाऊन तू सांभाळ, माल मी देतो. गिऱ्हाईकाला काय, बिजागरी ती बिजागरी." मी चहा तसाच ठेवून निघाले. तेव्हा सुचलं नाही ते आता ऐक. मला दुसऱ्याची खोकी फोडून विकायची नाहीत. आज इथले सगळे प्रेस भंगारात गेले की उद्या तोच माल ते म्हणतील त्या भावाने घ्यावा लागेल, आणि तेव्हा बनवायला इथे कुणी उरलेलं नसेल. सरळ भावात समोर या. मी हरले तर स्वतः कुलूप लावीन. वाकड्या भावापुढे मात्र हरणार नाही.

हे सगळं लिहिलं ते भांडायला नाही. सोमवारी सकाळी ठाण्यात खोपटला आपल्या वकिलांकडे ये आणि भागीदारी सोडल्याच्या कागदावर सही कर. तुझा वाटा चोख मिळेल. तेवढ्याने मला देशी उत्पादक मानतीलच असं नाही, ते अधिकारी ठरवतील. मला वगळलं तरी दौलतशेठ आणि बाकीचे लढतील आणि मी त्यांच्यासोबत प्रत्येक तारखेला जाईन. गेटवरची 'कमलेश इंडस्ट्रीज' ही पाटी मात्र काल मी उतरवली. बाबांनी ती मुलाच्या नावाने लावली, कारखाना चालवला मुलीने. आता माझं नाव लागेल. मी वर चढले होते, आई खाली शिडी धरून उभी होती. तिच्या मनाला लागलं असेल असं वाटून मी विचारलं, कमलेशला काय कळवू? शिडीवरचा हात न काढता ती म्हणाली, "त्याला सांग, पयले सही कर, मंग घरा जेवाला ये."

तुझीच,
जागृतीताई