उलटा वाळत घातलेला अ‍ॅप्रन

नवीन पनवेल, मंगळवार संध्याकाळ

जाऊबाई हसल्या, "तुझ्या फार्मसी कॉलेजला मान्यता मिळेपर्यंत केस पिकतील गं तुझे!" मान्यता आली नाही तर दोन वर्षं फुकट जातील, हे मला कळत नाही का? पण बारा वर्षं मेडिकलच्या काउंटरवरून ज्या गोळ्या दिल्या, त्या पोटात जाऊन काय करतात, ते आज पहिल्यांदा कुणीतरी शिकवलं.

आणि मी घरी येऊन काय केलं? अ‍ॅप्रन धुऊन उलटा वाळत घातला. खिशावरचं कॉलेजचं नाव शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून!

आत्ताच तो सुलटा करून आले. उद्या तोच घालून प्राचार्यांना विचारणार, मान्यतेचं कुठे अडलंय. सगळ्या वर्गासमोर. केस पिकले तर पिकू देत.