खुडूक कोंबडीखालचा विषाणू

७ जानेवारी १९६१, तुळजापूर
पुण्याच्या प्रयोगशाळेत कोंबड्यांच्या देवीचा प्रयोग तीनदा फसला. अंडी बाजारची, नमुना शिळा. सर म्हणाले, "महिनाअखेर विषाणू पेशीत वाढलेला दाखवा, नाहीतर लसीच्या बाटल्या भरायला बसा." बसते कशाला! तामलवाडीत कोंबड्यांना देवी आल्यात असं कळलं. रजा टाकून घरी आले. विषाणू वाढवायला आत पिलू धरलेलं अंडं लागतं, हे आईला अजून सांगितलेलं नाही. अण्णा मास्तर, सोवळ्याचं घर आमचं.

९ जाने.
तामलवाडी. विचारत विचारत फातिमाखालांकडे पोचले, त्यांच्या कोंबड्यांच्या तुऱ्यावरच्या देवीच्या खपल्या काढून बाटलीत घेतल्या. डझनभर अंडी मागितली. खाला आत गेल्या, बऱ्याच वेळानं फडक्यात बांधून घेऊन आल्या. एस.टी.त मांडीला ऊब लागत होती. म्हटलं, वा, कोंबडीखालून थेट! घरी आतलं पिलू बघायला कंदिलासमोर धरली तर... उकडलेली. बाराच्या बारा!!

१० जाने.
परत तामलवाडी. खाला म्हणतात, "बेटी, पहिल्यांदा आलीस घरी. पाहुणीला कच्ची अंडी कशी द्यायची गं?" मी पोट धरून हसले, मग त्याही. शेवटी खुडूक बसलेली कोंबडीच दिली, आठ अंड्यांसकट. "धा दिस झाले बसून. हिला देवी येऊन गेल्यात, आता लागायच्या न्हाईत. पर अंड्यात बघणार काय तू?"
म्हटलं, हा विषाणू पेशीत शिरतो आणि तिच्याच सामानावर आपली पिलावळ वाढवतो.
"म्हंजी लई चिवट पाहुणा की मेला!"
इतकं सोपं सरांनीही कधी सांगितलं नव्हतं.

११ जाने.
काल रात्री कोंबडी घेऊन आले तर आई दारात आडवी. "कोंबडी? ह्या घरात?" माझं प्रयोगशाळेतलं काम जाईल म्हटल्यावर बाजूला झाली. अण्णा पेपराआडून, "गोठ्यात ठेव. गोठा म्हणजे घर नव्हे." धन्य अण्णा!
आठही अंड्यांना बारीक भोक. खपलीचं पाणी, पेनिसिलिनचा थेंब, वर मेण. परत कोंबडीखाली.

१४ जाने. संक्रांत
तीन नासली. उरली पाच. मांजर येतं म्हणून आई काठी घेऊन गोठ्याच्या तोंडाशी. "तुझ्या कामासाठी हो," म्हणाली. मग कोंबडीपुढं तिळगुळाचा चुरा कुणी टाकला?

१५
अजून दोन गेली. उरली तीन.

१७ जाने.
धाराशिव, जनावरांचा दवाखाना. तिथला सूक्ष्मदर्शक डॉक्टरांनी दिवसभर वापरू दिला. उरलेली तीनही फोडली. कवचाखालच्या पातळ पडद्यावर पांढरे फोड! तुकडा काचेवर घेतला, रंग दिला, डोळा लावला. पेशीच्या आत गुलाबी गोळे, विषाणूची पिलावळ. एक नाही, पेशीमागून पेशी, गच्च! ओरडलेच. डॉक्टर चहाची बशी हातात धरून धावत आले. त्यांच्यासमोर रडले, लाज नाही वाटली. काचा कापसात बांधून पुण्याला धाडल्या.

२१
टपाल नाही. अण्णा दोनदा पोस्टात जाऊन आले. विचारलं तर म्हणे पाय मोकळे करायला.

२४ जाने.
सरांचं पत्र. काचा पोचल्या, धड पोचल्या. "बाटल्यांना दुसरा माणूस पाहिला आहे. तुमचं टेबल तुमचंच. विषाणू वाढतो हे दिसलं. आता सांगा, तो आत शिरतो कसा?"
कसा? मला कुठं ठाऊक! पण शिरण्याआधी तो बाहेर चिकटत असणार... कशाला? आणि सगळ्याच पेशींना का नाही...
आईनं विचारलं, "अशी का बसलीस? रागावले का गं सर?"
म्हटलं, "नाही गं. जन्मभर पुरेल एवढं काम दिलंय."