सुमतीच्या छायाचित्रांचे वजन

३ नोव्हेंबर
दिवाळी संपली. वडिवळ्याच्या आमच्या पाहुणघरी एकही कुटुंब उतरले नाही. सर्चमध्ये ‘कामशेतजवळ घरगुती मुक्काम’ असे लिहून पाहिले. आमचे संकेतस्थळ चौथ्या पानावर. पहिल्या पानावर ‘रेन डान्स’ आणि सिमेंटचे धबधबे. माझ्या पत्नीने, सुमतीने, स्वतः उभारलेले हे स्थळ. ती गेल्यापासून मी त्यातले अक्षरही बदललेले नाही. मग क्रम का घसरावा?

६ नोव्हेंबर
तळेगावहून श्रीमती बोत्रे आल्या. संकेतस्थळांची प्रकृती तपासणे हा त्यांचा व्यवसाय. असेही व्यवसाय असतात. “सर, सर्च आता मोबाइलवरचं पान बघून नंबर लावतं. डेस्कटॉपवर कितीही पळू दे.” मी माझ्या टेबलावरच्या संगणकावर उघडून दाखवले. क्षणार्धात उघडले. त्या हसल्या. “रोज उघडता ना? मग त्याला पाठ झालंय. नव्या माणसाला सगळे फोटो नव्यानं उतरवावे लागतात.” रोज का उघडतो, हे त्यांना सांगण्याचे कारण नव्हते.
दोषी कोण, तर सु.ची छायाचित्रे. भाताच्या ओंबीतला दाणा न् दाणा दिसावा म्हणून तिने ती कॅमेऱ्यातून जशीच्या तशी चढवली. बाई त्यांना ‘जड’ म्हणतात. चार सेकंद थांबण्याचा पाचपोच नसलेल्यांसाठी ती खुजी करायची? उठून गेलो.

११ नोव्हेंबर
स्वयंपाकाच्या वत्सलाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. “भाऊ, पावनं काय तुमच्या टेबलावर येऊन बघनार हायती व्हय? नाताळपतुर कुनी आलं न्हाई, तर मी चालले लोनावळ्याला, हाटेलात भांडी घासाय. तुमी बसा फोटू बघत.”
सु.ने यांना फार लाडावून ठेवले.

१४ नोव्हेंबर
घोरावाडी स्थानकावर गाडीला अवकाश होता. बोत्रेबाईंना खोटे पाडावे म्हणून मोबाइलवर प्रथमच संकेतस्थळ उघडले. पांढरे पान. मनात आकडे मोजले. चौदाला आभाळाची एक पट्टी उतरली. मोबाइल खिशात टाकला आणि सिग्नलकडे पाहू लागलो.
गाडीत बसल्यावर लक्षात आले. मीही थांबलो नाही. तिची छायाचित्रे, आणि मी...

१५ नोव्हेंबर
बोत्रेबाईंना दूरध्वनी. “फोटो काढून टाकायचे नाहीतच सर, हलके करायचे. मूळ तुमच्याकडं राहतील.” हे आधीच सांगायला हवे होते, असे सुनावले. “सांगत होते. तुम्ही उठून गेलात.”
संमती दिली.

२४ नोव्हेंबर
वत्सलाबाईंच्या तडा गेलेल्या मोबाइलवरही पान पटकन उघडले. “आवो, ही तर आमच्या खाचरातली ओंबी!” क्रम मात्र चौथ्या पानावरच. वेग हा एकच निकष नव्हे, वर यायला आठवडे लागतील, न आल्यास आश्चर्य नको, असे आता बोत्रेबाई सांगतात. शिवाय मजकूर ताजा हवा. ‘सुमती आपले स्वागत करते’ हे वाक्य बदला, म्हणे.
वत्सलाबाई ऐकत होत्या. “तितं माजं नाव घाला की. रांधते तर मीच.”
उद्धटपणाची परिसीमा. मात्र नाताळनंतर जाण्याविषयी आज त्या काही बोलल्या नाहीत.
दुपारपासून वाक्य समोर आहे. ‘सुमती’ पुसलेले नाही. पुढे एक स्वल्पविराम देऊन जागा सोडली आहे.